आईवडिलांच्या सांभाळाचा खर्च: शुक्रवारच्या सुट्टीत करायचं काम

कतारमधल्या बिरकत अल अवामेरच्या गोदामांत काम करणाऱ्या बहुतेकांना शुक्रवारी सुट्टी, आणि महाराष्ट्रात तो कामाचा दिवस. इथे सकाळी आठला फोन लावला की तिकडे साडेदहा वाजलेले असतात. विमा एजंट, पोस्ट, आया पुरवणारा ब्यूरो सगळे जागेवर सापडतात. तेव्हा हे काम शिफ्टच्या मधल्या सुट्टीत नको, शुक्रवारीच घ्या.

आधी आईवडिलांची आरोग्यविम्याची पॉलिसी व्हॉट्सॲपवर मागवा. हप्त्याची पावती नव्हे, पूर्ण पीडीएफ. त्यात ‘एक्स्क्ल ०५’ हे कलम शोधा. विमा नियामकाने शब्द ठरवून दिलेले असल्यामुळे हे कलम बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत सारखंच असतं. अंघोळ घालणं, कपडे घालणं, उठवणं-बसवणं यासाठी ठेवलेल्या माणसाचा खर्च मिळणार नाही. मग ती शिकलेली नर्स असो की मावशी, घरी असो की नर्सिंग होममध्ये. म्हणजे पॅरालिसिसचा झटका आला तर दवाखान्याचे आठ दिवस विमा सांभाळेल, पुढची आठ वर्षं तुम्ही. एजंट ‘होम केअर आहे की’ म्हणाला तर एकच विचारा: उपचार संपल्यावर आयाचा पगार कंपनी देणार का? उत्तर लेखी घ्या. बहुधा ते येत नाही.

आता एका कागदावर दोन रकाने पाडा, दवाखाना आणि सांभाळ.

दवाखान्याचा रकाना सोपा आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वय आधारवरून धरतात, त्यामुळे तिथली जन्मतारीख चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. खासगी पॉलिसी घ्यायची तर १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीची अट राहिलेली नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही. जुन्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. शुगर, बीपी लपवू नका; क्लेम नेमका तिथेच अडतो.

सांभाळाच्या रकान्यावर खरा वेळ घालवा. गावाजवळच्या दोन-तीन ब्यूरोंना फोन करा. आया बारा तासांची की चोवीस? रजेवर गेली तर बदली कोण देणार? कमिशन एकदाच की दरमहा? लघवीची नळी किंवा नाकातली नळी सांभाळायची असेल तर दर किती वाढतो? डायपर, एअर मॅट्रेस, फिजिओ वेगळे लिहा. आलेल्या बेरजेला बाराने गुणा आणि ती रक्कम रियालमध्येही लिहून काढा. वाईट वाटेल, पण आकडा समोर हवा.

हा खर्च भागवायला विम्यातली सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे गंभीर आजाराची पॉलिसी. ती बिलं बघत नाही, एकरकमी पैसे देते, आणि त्यातून आयाचा पगार देता येतो. मात्र पक्षाघातात कायमची हानी किमान तीन महिने टिकलेली दाखवावी लागते. शिवाय वय वाढलं की ही पॉलिसी मिळणं अवघड होतं. वडील अठ्ठावन्नचे असतील तर याच शुक्रवारी विचारा. बहात्तरचे असतील तर हा नाद सोडा.

मग उरते बचत. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासीला उघडता येत नाही, आईच्या नावावर येते. मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. ८.२ टक्के धरले तर पाच लाखांवर तिमाहीला १०,२५० रुपये. चोवीस तासांच्या आयाला हे पुरणार नाही, पण डायपर-औषधांचा भार उतरतो. इथून काम सोडताना मिळणारी रक्कम, म्हणजे कतारच्या कायद्याप्रमाणे दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार, टीव्ही-बाइकमध्ये जाण्याआधी याच खात्यासाठी राखून ठेवा.

आणि तुमचाच पगार थांबला तर? ईसीआर (इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या) पासपोर्टवर आलेल्यांनी प्रवासी भारतीय विमा योजनेची मुदत तपासावी. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. मुदत संपली असेल तर नूतनीकरण करा. दोह्यात आयसीबीएफ या भारतीयांच्या मदतसंस्थेची स्वस्त सामूहिक विमा योजनाही आहे. आईवडिलांना इकडे आणून भागेल, असं मात्र समजू नका: व्हिजिट व्हिसासोबतचा सक्तीचा विमा आपत्कालीन उपचारांपुरता असतो.

शेवटचं काम कागदांचं, आणि ते आई शुद्धीत असतानाच होतं. तिने दिलेलं मुखत्यारपत्र तिची समज गेली की कायद्याने संपतं. ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी. म्हणून तिचं बचत खातं आत्ताच भारतातल्या भावंडासोबत संयुक्त करा, नॉमिनी भरा, पॉलिसी क्रमांक आणि कार्डांचे फोटो त्याच्याकडे ठेवा. ब्यूरोचे पैसे तुम्ही भरणार असाल तर कतारच्या मोबाइल नंबरवर तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्याचं यूपीआय सुरू करता येतं का, ते बँकेला विचारा. पगार थेट ब्यूरोला गेला की भावाकडून हिशोब मागायची वेळ येत नाही.