वाढपी आणि प्रेषित

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



आपल्याकडे 'सेवक' म्हटलं की पाळकसाहेबच डोळ्यांसमोर येतात. बाकी आपण रविवारी चर्चला जाणारे. आजचा भाग वाचताना मात्र मी एका शब्दावर थांबलो. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा मागे राहत होत्या. त्या वाटपासाठी पहिल्या वचनात ग्रीकमध्ये 'दियाकोनिया' हा शब्द आहे. चौथ्या वचनात प्रेषितांच्या वचनसेवेलाही तोच शब्द! मराठीत वाचताना हे चटकन लक्षात येत नाही. म्हणून प्रचार मोठा आणि वाढणं छोटं, असं आपण धरून चालतो. पण भाकरी वाटायला माणसं कशी निवडली बघा : पवित्र आत्म्याने भरलेली, शहाणी, चारचौघांत चांगलं नाव असलेली. त्यांच्यातलाच स्तेफन पुढे साक्ष देत मेला, आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता सांगितली.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही असंच होतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, तोवर त्याच कामात होत्या. पण खिळे कुणी जुळवले, छापखाना कुणी चालवला? तिथल्याच बायकांनी. मला तरी भाषांतर आणि खिळे यांत वरचं-खालचं लावता येत नाही.

आता आमचं सेलू घ्या. कापसाचा सीझन आहे, काट्यावर आपल्याच मंडळीतला एखादा पोरगा बसलाय. मालक हळूच म्हणतो, "थोडा काटा मार." समोरचा शेतकरी रात्रभर गाडीपाशी जागलेला. मोबाईलच्या स्टेटसला वचन आहे, पण शेतकरी स्टेटस नाही, वजन बघतो. खरं वजन सांगितलं तर नोकरी जाऊ शकते. घरी म्हातारे आईवडील असतील तर हे सोपं नाही, आणि ज्याच्यावर वेळ आलेली नाही त्याने उगाच उपदेश करू नये. अशा पोरासाठी मंडळीने पाठीशी उभं राहायला हवं. यरुशलेमेतही कुरकुर करणाऱ्यांना कुणी गप्प केलं नाही, वाटप दुरुस्त केलं. त्यानंतरच सातव्या वचनात शिष्य वाढल्याचं लिहिलंय.

पुण्या-हैदराबादला जॉब करणाऱ्यांनो, तुमच्या टीममध्ये काम एकाचं आणि मेलमध्ये नाव दुसऱ्याचं, असं कुणाच्या बाबतीत चाललंय?

प्रार्थना : प्रभू येशू, आज काट्यावर किंवा लॅपटॉपसमोर बसताना मागे राहिलेलं माणूस आम्हाला दिसू दे, आणि बोलायची हिंमत दे. आमेन.