सर्व्हरचा प्रोसेसर आणि पडद्यावरील चित्र

जितके कोअर जास्त तितका संगणक वेगवान, अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे. मोठ्या कार्यालयांनी काढून टाकलेले सर्व्हर-जातीचे संगणक जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, आणि ही समजूत मग पालकांच्या खिशाला महाग पडते. म्हणून या विषयाचा येथे थोडा विचार करू.

इंटेल कंपनीचे २०१२ सालचे दोन प्रोसेसर घेऊ. झिऑन ई५-२६७० हा सर्व्हरसाठी, कोअर आय७-३७७० हा घरगुती संगणकासाठी. पहिल्यात ८ कोअर व २० मेगाबाइट कॅश. दुसऱ्यात ४ कोअर व ८ मेगाबाइट. कागदावर पहिलाच थोर! गती मात्र पाहावी. झिऑनची मूळ गती २.६ गिगाहर्ट्झ, फार तर ३.३, आय७ ची ३.४, आणि एकटाच कोअर कामात असेल तर ३.९.

आता चित्राकडे वळू. आय७ मध्ये एचडी ४००० हा ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आहे. ई५ मध्ये तो मुळीच नाही. सर्व्हर बंद खोलीत चालतो, त्याला पडदा बहुधा जोडलेलाच नसतो. साहजिकच ती जागा कोअर व कॅशच्या वाट्याला जाते. सर्व्हरच्या मदरबोर्डावर पडदा जोडण्याची सोय पुष्कळदा असते, पण तिच्यामागची लहानशी चिप देखरेखीपुरतीच; त्रिमितीय चित्र तिच्या आवाक्यातले नव्हे. आम्हीही एकदा झिऑनचा एक जुना संच आणला. आतले ग्राफिक्स कार्ड कोणीतरी आधीच काढून घेतलेले, बोर्डावर चिपही नाही. पडदा काळाच राहिला. विक्रेता म्हणाला, "मशीन चालू आहे." आणि ते खरेच होते.

वेगळे कार्ड बसविले की प्रश्न सुटतो का? अर्धाच. प्रत्येक दृश्यात काय काय काढायचे याचे हुकूम कार्डाला प्रोसेसरच देतो. डायरेक्टएक्स ११ वरच्या अनेक खेळांत हे काम मुख्यतः एकाच कोअरवर पडते. बाकीचे बहुतांशी वाट पाहत बसतात आणि त्या एकाची गती निकाल ठरविते. तेच कार्ड अशा वेळी आय७ बरोबर सेकंदाला अधिक दृश्ये दाखवू शकते.

उलट ब्लेंडरमधील सायकल्सने प्रोसेसरवर रेंडर करताना एकाच चित्राचे काम सर्व कोअरांत वाटले जाते. तेथे झिऑन पुढे जातो. ॲनिमेशन शिकणाऱ्याने हा भेद जरूर ध्यानात ठेवावा.

सर्वच झिऑन ग्राफिक्सविना असतात असेही नाही. २०११ च्या ई३-१२४५ मध्ये ग्राफिक्स आहे, त्याच वर्षीच्या ई३-१२३० मध्ये नाही. घरगुती प्रोसेसरांतही २०१९ चा आय५-९४००एफ ग्राफिक्सविनाच येतो. तेव्हा संच घेण्यापूर्वी पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, विचारून घ्यावा. "झिऑन आहे" एवढ्यावर पैसे मोजू नयेत.