मरणाचे शब्द: सेबूच्या भाषेकडून एक धडा



नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. २ तारखेला आपण कबरस्तानात जमतो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. गेलेल्या माणसांविषयी तेथे आपण मोकळेपणाने बोलतो. परंतु घरात कुणी मरणाच्या वाटेवर असेल, तर मात्र आपली बोलती बंद होते. या विसंगतीवर आज विचार करू या. त्यासाठी आम्ही एका दूरच्या भाषेची मदत घेत आहोत.

निमित्त असे घडले. जहाजावर नोकरी करणारा आपला एक तरुण सुट्टीवर आला असता आम्हांला भेटला. त्याच्याबरोबर फिलिपिन्समधील सेबू बेटाचा एक खलाशी होता. भर समुद्रात असताना त्याला आई वारल्याची बातमी मिळाली. तो आपल्या गाववाल्याला एवढेच म्हणाला, "नामात्यान." तरुणाने आम्हांला विचारले, "फादर, या शब्दात आईचं नावच नव्हतं. मग तो काय म्हणाला?" या एका शब्दाच्या मागे लागून आम्ही त्या भाषेतील मरणाचे शब्द शोधत गेलो. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

१. तो देश आणि ती भाषा

फिलिपिन्स आपल्याला परका नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले, तेथून १५९३ साली जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. सेबू हे मनिलाच्या दक्षिणेकडील बेट. १४ एप्रिल १५२१ रोजी तेथील राजा हुमाबोन याचा बाप्तिस्मा झाला. सेबू, बोहोल आणि मिंडानावच्या मोठ्या भागात सेबुआनो भाषा बोलली जाते. ती बोलणारे दोन कोटींच्या आसपास आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कॅथलिक आहेत.

१५२१ साली मॅजेलनबरोबर आलेल्या पिगाफेत्ता या इटालियन प्रवाशाने तेथील एका सरदाराच्या अंत्यविधीचे वर्णन लिहून ठेवले आहे. सुगंधी धूप जाळीत, स्त्रिया भोवती बसून शोक करीत, मृत शरीर पाच-सहा दिवस घरातच ठेवले जाई. म्हणजे मृताला एकटे न सोडण्याची रीत तेथे सुवार्ता पोहोचण्याआधीपासूनच होती.

२. एक मूळ, तीन माणसे

सेबुआनोत 'पाताय' म्हणजे मेलेला. दिवा विझला तरी 'पाताय' आणि काही घोटाळा झाला तरी माणूस "पाताय!" म्हणून कपाळाला हात लावतो. आपण "अरे, मेलो!" म्हणतो तसेच. 'नामाताय' म्हणजे मरण पावला. 'कामातायोन' म्हणजे मरण. नमो मारिया प्रार्थनेच्या शेवटी सेबूची मुले हाच शब्द रोज उच्चारतात.

याच मुळापासून आणखी तीन शब्द निघतात. 'मिनाताय' म्हणजे मृत व्यक्ती. 'हिमालात्योन' म्हणजे जो मरणाच्या उंबरठ्यावर आहे, अजून जिवंत आहे, तो. आणि 'नामात्यान' म्हणजे ज्याचे माणूस गेले, तो. मूळ शब्दाला 'आन' हा प्रत्यय लागला की मरण कुणावर कोसळले ते कळते. त्या खलाशाने आईचे नाव घेतले नाही, कारण तो स्वतःविषयी बोलत होता: "माझ्यावर मरण कोसळले आहे."

म्हणजे एका मरणात ही भाषा तीन माणसे पाहते: गेलेला, जाणारा आणि मागे राहिलेला. गेलेल्यासाठी आपल्याजवळ भरपूर शब्द आहेत. परंतु जाणाऱ्याला आपण साधे 'आजारी' म्हणत राहतो आणि मागे राहिलेल्याला महिन्याच्या मिस्सानंतर विसरून जातो.

३. सौम्य शब्द

मरणाचे नाव सरळ घेणे कोणत्याही समाजाला जड जाते. आपण म्हणतो वारले, देवाज्ञा झाली, ख्रिस्तवासी झाले. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणण्याची रीत मराठीत आहेच. सेबूचे लोकही 'मितालिवान' म्हणतात, म्हणजे पुढे निघून गेला. 'पानाव', म्हणजे प्रवास, या शब्दावरून ते प्रवासाला निघाला असे म्हणतात. 'पाहुलाय', म्हणजे विसावा, यावरून विसावला असे म्हणतात.

हे शब्द खोटे नाहीत. ख्रिस्तसभा स्वतः मरणाला प्रवास मानते. मरणासन्न भाविकाला दिल्या जाणाऱ्या पवित्र कम्युनियनला लॅटिनमध्ये 'वियातिकुम' म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. तसेच सेमेटरी हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ झोपण्याची जागा. स्पॅनिशमार्गे तो सेबुआनोत 'सेमेन्तेर्यो' झाला.

मिशनऱ्यांनी असे पुष्कळ स्पॅनिश शब्द नेले, तरी आत्म्यासाठी तेथील लोकांचाच 'कालाग' हा शब्द राहिला. मृतांच्या स्मरणाच्या दिवसांना आजही 'कालाग-कालाग' म्हणतात. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा इथलाच शब्द घेतला, त्याची येथे आठवण होते. दुःखाच्या वेळी माणसाला स्वतःच्या भाषेतला शब्द लागतो.

४. मागे राहिलेल्याची सोबत

मृत शरीराजवळ जागण्याला सेबूमध्ये 'हाया' म्हणतात. ती कित्येक दिवस चालते. शेजारी रात्रभर बसतात, प्रार्थना होते, खाणे होते, पत्तेही खेळले जातात. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण हेतू एकच, घरातील कुणी एकटे राहू नये. मग नऊ दिवसांची प्रार्थना आणि चाळिसावा दिवस येतो. वर्ष पूर्ण झाले की 'हुब्कास', म्हणजे सुतकाचे काळे कपडे उतरविण्याचा दिवस.

'दायोंग' हा आणखी एक सुंदर शब्द. मूळ अर्थ, जड ओझे काठीला बांधून अनेकांनी मिळून खांद्यावरून नेणे. काही भागांत दुःखी कुटुंबाला शेजाऱ्यांनी पैसे, तांदूळ आणि कष्ट देण्याच्या पद्धतीलाही दायोंगच म्हणतात. आपण म्हणतो 'खांदा देणे'. परंतु आपला खांदा बहुधा कबरस्तानापर्यंतच असतो. त्यानंतरच्या वर्षाचे ओझे विधवेने किंवा विधुराने एकट्याने वाहायचे असते.

५. जाणाऱ्याची सोबत

आता अवघड भागाकडे येऊ. आम्ही पूर्वी एका धर्मग्रामात सेवेस असताना रात्री दोन वाजता बोलावणे आले. एक आजी शेवटच्या घटका मोजीत होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. तैलाभ्यंग दिला, प्रार्थना केली. पापनिवेदन झाले नाही, कम्युनियन देता आले नाही. मुलगा म्हणाला, "फादर, आधी बोलावलं असतं तर आई घाबरली असती." दफनानंतर सुनेने हळूच सांगितले, "आई तीनदा विचारत होत्या, फादर कधी येणार म्हणून."

दोष केवळ त्या मुलाचा नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही त्या घरी गेलो होतो. खाटेजवळ बसून पावसाच्या गोष्टी केल्या आणि "लवकर बऱ्या व्हाल" असे म्हणून परतलो. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच धड्यात आम्ही शिकलो होतो: सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. परीक्षेत हे लिहिणे सोपे होते. आजींच्या डोळ्यांत पाहून बोलणे आम्हांला जमले नाही. त्या हिमालात्योन होत्या. आम्ही सर्वांनी मिळून त्यांना फक्त आजारी ठरविले आणि त्यांच्या प्रवासाची शिदोरी आमच्याच हातात राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे की, तैलाभ्यंग हा केवळ शेवटच्या क्षणाचा संस्कार नाही. आजारपणाने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका निर्माण होऊ लागला की तो घेण्याची योग्य वेळ आलेलीच असते. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. "फादर आले म्हणजे संपलं" ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे. आजारी माणूस ऐकू शकतो, बोलू शकतो, आमेन म्हणू शकतो, तेव्हा बोलवा.

६. प्रभू येशूचे दोन शब्द

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात लाझरसविषयी बोलताना येशू प्रथम म्हणतो की, आपला मित्र झोपला आहे. शिष्यांना वाटते, झोपला आहे तर बरा होईल. तेव्हा येशू उघडपणे सांगतो की, लाझरस मेला आहे. पुढे तो मार्था आणि मरिया यांच्याकडे जातो आणि रडतो.

प्रभूने सौम्य शब्द वापरला, कारण त्याला पुनरुत्थान दिसत होते. परंतु त्या शब्दाने गैरसमज होतो आहे हे कळताच त्याने सरळ शब्द वापरला. मग मागे राहिलेल्या बहिणींपाशी तो स्वतः गेला. आपणही याच क्रमाने जावे. सौम्य शब्द आशेसाठी असावेत, लपविण्यासाठी नसावेत.

सेबूमध्ये दारात पाहुणा आला की आतून हाक येते, "दायोन!" म्हणजे "आत या!" आणि सेबुआनो भाषेत सार्वकालिक जीवनाला म्हणतात 'किनाबुहिंग दायोन'. दोन शब्दांचे अर्थ वेगळे, पण लिहिताना अक्षरे तीच. आपल्या आजारी माणसांना त्या दारापर्यंत हात धरून नेणारे कुणीतरी असावे. आतून हाक देणारा आहेच.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरी किंवा शेजारी गंभीर आजारी कोण आहे? त्यांना काय हवे आहे, हे आपण त्यांनाच विचारले आहे का?

२. स्वतःच्या आजारपणात फादरांना केव्हा बोलवावे, हे आपण घरच्यांना सांगून ठेवले आहे का?

३. गेल्या वर्षभरात आपल्या वाडीत कुणाकडे मयत झाली? या महिन्यात त्या घरी एक संध्याकाळ जाऊन बसता येईल का?

ज्यांच्या घरी आजारी आहेत त्यांनी या आठवड्यात पॅरिश ऑफिसमध्ये निरोप द्यावा. आम्ही येऊ, आणि या वेळी केवळ पावसाच्या गोष्टी करणार नाही.