पुलावरील विद्यार्थी

कीर्ति मिळाली कीं मनुष्य बहुधा शिकणें सोडून देतो. परंतु कीर्ति मिळाल्यावरच जो पुन्हां विद्यार्थी झाला, अशा एका वादकाची ओळख आम्ही आज आमच्या बालमित्रांस करून देणार आहों. त्याचें नांव सनी रोलिन्स.

त्याचें वाद्य सॅक्सोफोन. बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्स यानें तें निर्माण केलें. त्याची नळी पितळेची असते; पण नाद उमटतो तो मुखाशीं बसविलेल्या बोरूच्या पातळ पट्टीच्या कंपनानें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं जन्मास घातलेल्या जाझ संगीतांत या वाद्याला मोठा मान आहे. त्यांत वादक ठरलेली चाल घेऊन आयत्या वेळीं नवी स्वररचना करीत जातो.

रोलिन्सचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत झाला. तरुणपणीं तो हेरॉइनच्या व्यसनांत सांपडला व गुन्हा करून तुरुंगांतही गेला. सन १९५५ मध्यें लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयांत उपचार घेऊन त्यानें तें व्यसन सोडलें. पुढल्याच वर्षीं ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही त्याची ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि त्याचें नांव सर्वत्र दुमदुमलें.

लोक स्तुति करीत होते, पण त्याचें स्वतःचें समाधान होत नव्हतें. सन १९५९ मध्यें त्यानें जलसे बंद केले. घरीं सराव करावा, तर शेजारच्या गर्भवती स्त्रीस त्रास होईल. म्हणून तो ईस्ट नदीवरील विल्यम्सबर्ग पुलावर जाऊं लागला. शेजारून आगगाड्या धडधडत जात, खालीं बोटींचे भोंगे वाजत. हा आपला थंडीवाऱ्यांत तासन्‌तास वाजवीत उभा! असा क्रम १९६१ पर्यंत चालला.

सन १९६२ मध्यें ‘द ब्रिज’, म्हणजे ‘पूल’, ही मुद्रिका निघाली. तींत अगदीं अपूर्व असें कांहीं नाहीं, म्हणून कित्येक टीकाकार हिरमुसले. पण लोकांस चकित करण्याकरितां तो पुलावर गेलाच नव्हता. स्वतःची उणीव भरून काढण्यास गेला होता. शिकण्याची ही ओढ त्याला पुढें मुंबईसही घेऊन आली. पवईच्या एका आश्रमांत कांहीं महिने राहून त्यानें योग व ध्यान यांचा अभ्यास केला. सन २०१२ पर्यंत तो श्रोत्यांपुढें वाजवीत होता.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेचे गुण दुसरे देतात. आपल्याला काय येत नाहीं, हें मात्र आपणांसच ठाऊक असतें. पालकांसही आमची एक विनंती आहे: मूल तोच धडा पुन्हां घोकत बसलें, तर त्यास मंद समजूं नये. कदाचित् त्याला त्याचा पूल सांपडला असेल.