खानेसुमारीचे कोष्टक कसे वाचावे

आपल्या गावची लोकसंख्या तलाठ्याच्या दप्तरात शोधू नये. ती 'जिल्हा जनगणना पुस्तिके'त छापलेली असते. पुणे जिल्ह्याची २०११ सालची पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तीत मावळ तालुका काढून गावाच्या नावापुढील ओळ वाचावी. लोणावळे मात्र शहरांच्या यादीत पाहावे.

त्या कोष्टकातील 'शेतकरी' हा शब्द जपून वाचावा. सातबारावर नाव तो शेतकरी, अशी आपली समजूत. गणनेत मात्र जमीन स्वतः कसणारा अगर कसण्यावर देखरेख करणारा तो शेतकरी. जमीन वाट्याने देऊन मुंबईस स्वस्थ बसलेला खातेदार त्यात येत नाही. सातबारावर नाव नसता घरच्या शेतात राबणारी स्त्री येते. आम्हांस ही व्याख्या अधिक न्यायाची वाटते.

लोणावळ्याची वस्ती २००१ साली ५५,६५० व २०११ साली ५७,६९८ भरली. दहा वर्षांत वाढ अवघी दोन हजारांची! बंगले तर डोळ्यांदेखत उठले. याचे कारण, गणना माणसाच्या नेहमीच्या बिऱ्हाडी होते. शनिवारी येणारा बंगलेवाला मुंबई-पुण्यात मोजला जातो. तेव्हा दुधाचा रतीब व भाजीचा खप केवळ या आकड्यावर बेतणाऱ्याचा माल सुट्टीच्या दिवशी अपुरा पडेल. त्या दिवसांचा खप दुकानदाराच्या वहीवरून निराळा काढावा.

२०२१ ची गणना महामारीमुळे लांबली. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. नवे आकडे छापून येईपर्यंत अर्जात लोकसंख्या लिहिताना '२०११' हे साल शेजारी अवश्य घालावे.