एका साखरेचं अंतर

रक्तपेढीतल्या कामानं मला जे शिकवलं, त्यातलं थोडं.

१. रक्तगट वारशानं थेट मिळत नाही. आईवडिलांकडून येतो तो विकर घडवण्याचा आराखडा. ग्लायकोसिलट्रान्सफरेज जातीचं हे विकर तांबड्या पेशीवरच्या शर्करासाखळीला आणखी एक साखर जोडतं. ती एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन असली की गट ‘ए’, गॅलॅक्टोज असली की ‘बी’. कार्डावरचं अक्षर ही त्या विकराच्या कामाची खूण आहे.

२. जीव केवढ्याशा फरकावर तोललेला असतो! ही दोन्ही विकरं ३५४ अमिनो आम्लांची. ठळक फरक फक्त ४ जागी. बहुतेक ‘ओ’ गटांत तर जनुकातलं एकच अक्षर गळलेलं असतं आणि तेवढ्यानं विकर अर्धवट राहून निकामी होतं. हे समजल्यापासून पिशवीवरचं लेबल दुसऱ्यांदा वाचायचा मला कधी कंटाळा आला नाही.

३. ‘ओ’ म्हणजे कोरी पेशी नव्हे. तिच्यावर ‘एच’ नावाचा प्रतिजन असतो, आणि तोही दुसऱ्या एका विकरानं फ्युकोज जोडून घडवलेला. ‘ए’ आणि ‘बी’ची साखर बसते ती या ‘एच’वरच. ज्याला आपण काहीच नाही म्हणतो, तोच सगळ्यांचा पाया निघतो.

४. ‘ओ’ सर्वांना चालतो, हेही पूर्ण खरं नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. भारतात तो साधारण दहा हजारांत एखाद्याचा. या मंडळींत ‘एच’च बनत नाही. अँटी-ए, अँटी-बी लावून पाहिलं तर रक्त सरळ ‘ओ’ दिसतं. मग त्यांच्या प्लाझ्मात ‘ओ’ पेशी घालायच्या, ट्यूब फिरवायची आणि हलकेच टिचकी मारायची. एरवी तळाची तांबडी गोळी सुटून मिसळते. इथे गुठळी तशीच राहते. बॉम्बे गट पक्का ठरला की त्या गुठळीचा अर्थ एकच: या माणसाला ‘ओ’ रक्त दिलं तर ते घात करील. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त हवं. तो दाता शोधताना किती अनोळखी माणसं धावून येतात, ते पाहून मी दरवेळी नतमस्तक होते.

५. दिसत नाही ते नसतंच असं नाही. बॉम्बे गटाच्या माणसात ‘बी’चं विकर शाबूत असू शकतं, फक्त साखर जोडायला त्याला जागा नसते. मुलाला जोडीदाराकडून ‘एच’ मिळाला की तोच ‘बी’ उघड होतो. आई ‘ओ’, बाप ‘ओ’ आणि मूल ‘बी’ असा रिपोर्ट घेऊन कुणी कोमेजल्या चेहऱ्यानं आलं, तर कुणावरही संशय घेण्याआधी आईबापांची ‘एच’ची तपासणी करून घ्या, एवढंच मी कळकळीनं सांगते.