कुड्याची साल घेण्याआधी

कुड्याची साल विकत घ्यायची असेल, तर आधी झाड पाहा. ते जमत नसेल तर निदान शेंग मागा. नुसत्या वाळलेल्या सालीवरून कुणी खात्री देऊ लागला, तर मी आता पिशवी उघडतच नाही.

धानोऱ्याकडच्या आठवडी बाजारातून आणलेल्या सालीचा काढा आमच्या घरी आवेवर दिला. उतार पडेना, शेवटी दवाखाना गाठावा लागला. उरलेला तुकडा शेजारच्या आजीनं जिभेला लावला. "हा त काळा हाये गा! पांढरा असता त तोंड वाकडं झालं असतं."

औषधाला हवा तो पांढरा कुडा, म्हणजे कुटज. कुटजारिष्ट त्याच्याच सालीचं. त्याच्या बिया कडू इंद्रजव, काळ्या कुड्याच्या गोडे इंद्रजव. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात दोन्ही झाडं भेटतात. पानं समोरासमोर, फुलं पांढरी, चीकही पांढरा. तेव्हा पान तोडून चीक दाखवणाऱ्यावर भुलू नका.

उन्हाळ्यात फुलाच्या आत डोकावा. काळ्या कुड्याच्या पाकळ्यांच्या आत बारीक पांढरी झालर असते आणि मधून परागकोशांचं टोक वर आलेलं दिसतं. पांढऱ्याला झालर नाही, खाली बारीक नळी, आणि वास गोड. त्याची पानंही मोठी, रुंद, जवळजवळ बिनदेठाची.

फुलं गेली की शेंगा. दोघांच्याही जोडीनं लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. पांढऱ्याच्या शेंगा टोकापर्यंत सुट्या. पिकलेली शेंग मिळाली तर उकलाच: पांढऱ्याच्या बीवरचा केसांचा झुपका शेंगेच्या टोकाकडे, काळ्याचा देठाकडे. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण ती वाळल्यावरही बदलत नाही. तिसरा तांबडा कुडाही आहे. त्याची पानं हाताला मखमली लागतात आणि दोन शेंगा जुळून एकच जाड, खरबरीत शेंग होते.

आजीसारखं चाखून पाहू नका. तिनं जन्मभर झाडं पाहिली आहेत. कुचल्याची सालही कडूच असते, आणि ती विषारी आहे. शिवाय खरा कुडा हाती असला, तरी शौचात रक्त किंवा अंगात ताप दिसला, तर काढा उकळत बसू नका; सरळ दवाखान्यात जा.